ओमानचे तेल सरकारचे, मग व्यापारी घराणी एवढी मोठी कशी झाली?

मत्रावासी

आखाती देशांचा विषय निघाला की आपल्याकडे तेलविहिरी, राजघराणे आणि तिथे नोकरीला गेलेला भारतीय एवढ्याच तीन गोष्टींभोवती चर्चा फिरत राहते. आपल्यापैकी अनेकांचा पगार ज्यांच्या पेढ्यांतून येतो ती व्यापारी घराणी या चर्चेत क्वचितच दिसतात, म्हणून हा धागा. मी ओमानपुरतेच लिहितो आहे, कारण तिथली बाजारपेठ मला जवळून ठाऊक आहे आणि सौदी अरेबिया किंवा अमिरातींचे निष्कर्ष तिथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

ओमानमधील तेल आणि वायू ही राज्याची संपत्ती आहे. पेट्रोलियम डेव्हलपमेंट ओमान, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली पीडीओ, या कंपनीत १९७४ पासून सरकारचा ६० टक्के आणि शेलचा ३४ टक्के वाटा राहिला आहे. उरलेला वाटा इतर परदेशी कंपन्यांचा. या यादीत मस्कतच्या एकाही व्यापारी घराण्याचे नाव नाही. तरीसुद्धा तेलाच्या पैशातून खाजगी संपत्ती कोणाकडे साठली, असे विचारले तर उत्तर म्हणून तीच दहा-बारा नावे पुढे येतात. विहिरीत वाटा नसताना हे घडले कसे, हा माझा प्रश्न आहे.

यिबाल, नतीह आणि फहुद येथे १९६२ ते १९६४ या काळात तेल सापडले आणि २७ जुलै १९६७ रोजी मस्कतजवळच्या मिना अल फहल बंदरातून तेलाचे पहिले जहाज निघाले. सुलतान सईद बिन तैमूर यांनी आयुष्यभर कर्जाची धास्ती बाळगली होती, त्यामुळे पैसा येऊ लागल्यावरही तो खर्च करण्याची त्यांची तयारी नव्हती. २३ जुलै १९७० रोजी त्यांचे पुत्र कबूस सत्तेवर आले तेव्हा साऱ्या देशात मोजून तीन शाळा होत्या आणि पक्का रस्ता जेमतेम दहा किलोमीटरचा होता. नव्या सुलतानांना बंदर, विमानतळ, रस्ते, रुग्णालये, शाळा हे सारे एकाच वेळी उभे करायचे होते, परंतु त्यासाठी लागणारे सिमेंट, जनित्रे, ट्रक, औषधे आणि तांदूळ मागवण्याची सरकारी यंत्रणाच नव्हती. ती व्यवस्था मस्कतला लागून असलेल्या मत्राह या जुन्या बंदराच्या बाजारात होती. गोदामे, मुंबई-कराचीतील आडते, जहाजवाल्यांशी जुने संबंध आणि पत या सर्व गोष्टी ज्यांच्याकडे आधीपासून होत्या, त्यांच्याच हाती हे काम गेले.

डब्ल्यू. जे. टॉवेल ही पेढी १८६६ साली एका अमेरिकनाने काढली आणि पुढे ती मत्राहच्या अल सुलतान कुटुंबाकडे आली. खिमजी रामदास यांची पेढी १८७० ची, कच्छमधील मांडवीच्या भाटिया कुटुंबाची. ही दोन घराणी तेलाच्या शंभर वर्षे आधीची आहेत, हे मुद्दाम सांगतो. बहवान बंधू मात्र त्या मानाने नवे. सुहैल आणि सौद हे सूरच्या दर्यावर्दी कुटुंबातील भाऊ, १९६५ साली मत्राहच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, छोटे दुकान थाटून मासेमारीची जाळी आणि बांधकामाचे सामान विकत होते. दहा वर्षांत त्यांच्याकडे टोयोटाची एजन्सी आली.

माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली या ‘एजन्सी’त आहे. १९७७ च्या व्यापारी एजन्सी कायद्याने परदेशी उत्पादकाची एजन्सी घेण्याचा अधिकार ओमानी नागरिकांना आणि ओमानी कंपन्यांनाच मिळाला. नोंदणी झाली की तो माल देशात आणण्याची वाट व्यवहारात त्या एकाच घराण्याच्या गोदामातून जात असे, आणि उत्पादकाला एजंट बदलायचा झाल्यास सबळ कारण दाखवावे लागे किंवा भरपाई मोजावी लागे. त्यामुळे सरकारने तेलाचा पैसा रस्त्यावर खर्च केला काय, पगारावर केला काय किंवा रुग्णालयावर केला काय, शेवटी आयात ही करावीच लागे आणि प्रत्येक आयातीच्या वाटेवर कोणते ना कोणते घराणे उभे असे. तेलविहिरीचा उतारा दरवर्षी थोडा घटतो. चांगल्या मोटारकंपनीची एजन्सी मात्र देश श्रीमंत होईल तसतशी फळत जाते.

राज्यकर्त्यांनी हे डोळे मिटून होऊ दिले असे नाही. मोहम्मद झुबैर हे १९७४ ते १९८२ या काळात वाणिज्य आणि उद्योग मंत्री होते. टॉवेल चालवणाऱ्या कुटुंबातील मकबूल बिन अली सुलतान यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभापासून २०११ पर्यंत तेच खाते सांभाळले. झवावी कुटुंबातील कैस हे उपपंतप्रधान होते, तर त्यांचे बंधू ओमर हे सुलतानांचे सल्लागार आणि ओमझेस्ट समूहाचे संस्थापक. व्यापाराचे नियम ठरवणारे आणि व्यापार करणारे एकाच दिवाणखान्यात बसत होते, आणि तेलाच्या पैशाचे वाटप करण्याची ही एक सर्वमान्य पद्धत होती असे मला वाटते. सुलतानांना निष्ठा आणि कामाचा उरक दोन्ही हवे होते, घराण्यांना संरक्षण हवे होते.

ज्यांनी तिथे काम केले आहे त्यांनी आपला अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहावेत.

जमाखर्च

धागा चांगला आहे. मी मस्कतमध्ये एका कंत्राटदार समूहाच्या हिशेब विभागात होतो, त्यामुळे हा पैसा प्रत्यक्षात कसा झिरपतो ते लिहितो.

सरकारी खाते किंवा तेलकंपनी टेंडर काढते. मुख्य कंत्राट मोठ्या समूहाच्या बांधकाम कंपनीला मिळते. निविदेबरोबर बँक हमी द्यावी लागते, काम मिळाल्यावर कामगिरीची दुसरी हमी द्यावी लागते आणि या हम्या देणाऱ्या बँकेच्या मोठ्या भागधारकांत त्याच वर्तुळातील कुटुंबे असतात. काम पुढे वातानुकूलन, वायरिंग, रंगकाम अशा पोटकंत्राटदारांत वाटले जाते. वातानुकूलन यंत्रे समूहाच्याच दुसऱ्या कंपनीकडून, गाड्या तिसरीकडून, मजुरांच्या वसाहतीचे जेवण चौथीकडून. म्हणजे एका कामाच्या एका रियालमध्ये समूहाला पाच ठिकाणी नफा धरता येतो, आणि बाहेरून आलेला स्पर्धक मुख्य कामाचा दर कितीही खाली आणो, समूह त्याहून खाली जाऊ शकतो.

हीच साखळी उलटी फिरते तेव्हा काय होते ते मी २०१६ मध्ये पाहिले. २०१४ च्या मध्यात बॅरलला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या आरंभी तिसाच्या खाली आला. त्या वर्षी ओमानच्या अंदाजपत्रकात सुमारे ५३० कोटी रियालची तूट पडली आणि सरकारी देणी लांबू लागली. आमच्या पोटकंत्राटांत एक कलम असे होते की मालकाकडून रक्कम मिळाल्यावरच पोटकंत्राटदाराला रक्कम द्यायची. कागदावर हे साधे वाक्य आहे, पण त्याचा अर्थ असा की सरकारने बिल अडवले की समूह ते खाली ढकलतो आणि सर्वांत खालचा वीस माणसांचा छोटा ठेकेदार सर्वाधिक काळ थांबतो. दर महिन्याच्या शेवटी आमच्या मजल्यावर असे ठेकेदार सकाळपासून बसलेले असत. त्यांत मल्याळी असत, पाकिस्तानी असत, क्वचित नव्या उमेदीचे ओमानी तरुणही असत, आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ हे सांगण्याचे काम आमच्यापैकी कोणाला तरी करावे लागे. मोठ्या समूहाला बँक कर्जाची मुदत वाढवून देते, त्या ठेकेदाराला देत नाही. म्हणून तेल पडल्यावर घराणी बुडत नाहीत, त्यांच्या सावलीत वाढलेले लहान धंदे बुडतात.

निमर_रोड

मत्रावासी, तुमची मांडणी मोटारी आणि किराण्याच्या बाबतीत पटते, पण तेलक्षेत्राच्या आतले चित्र त्यात येत नाही. मी दक्षिणेकडील क्षेत्रांत देखभालीच्या कामावर होतो. तिथे एजन्सीचे कागद मिळवून खुर्चीत बसून नफा कमावणे शक्य नसते.

ओमानचे तेल सौदीसारखे सहज वर येणारे नाही. मारमूलचे तेल १९५० च्या दशकातच सापडले होते, पण ते इतके जड होते की अनेक वर्षे ते तसेच पडून राहिले. या शतकाच्या आरंभी देशाचे उत्पादन दिवसाला साडेनऊ लाख बॅरलच्या आसपास होते, ते २००७ पर्यंत सुमारे सात लाखांवर घसरले. पुढे मुखैझना येथे वाफ सोडून, मारमूलमध्ये पाण्यात पॉलिमर मिसळून, इतरत्र वायू दाबून ते पुन्हा वाढवत नेले आणि २०१६ मध्ये दहा लाखांचा टप्पा गाठला. हे काम महागडे आहे, कष्टाचे आहे आणि त्याला सतत विहिरी खोदाव्या लागतात. या गरजेतून एक वेगळ्या प्रकारचे घराणे उभे राहिले. मोहम्मद अल बरवानी हे पीडीओतील नोकरी सोडून १९८२ मध्ये स्वतःच्या धंद्यात उतरले. त्यांच्या एमबी समूहाने खोदकामाचे रिग घेतले, विहिरींच्या दुरुस्तीची सेवा दिली, पुढे पेट्रोगॅस या कंपनीमार्फत स्वतः तेलक्षेत्रे चालवायला घेतली आणि २०१० मध्ये नेदरलँड्समधील ओशन्को ही आलिशान नौका बांधणारी गोदीही विकत घेतली. रिग उभा राहिला आणि काम नसले तर त्याचे हप्ते कोणी माफ करत नाही. या घराण्याने जोखीम उचलली आहे आणि त्याला एजंटांच्या रांगेत बसवणे मला अन्यायाचे वाटते.

आता तेलक्षेत्रात पैसा कुठे कुठे वाटला जातो ते एका गाडीवरून सांगतो. पीडीओच्या हद्दीत शिरणारी गाडी त्यांच्या नियमांनुसार सजवलेली असावी लागते. आत उलटण्यापासून वाचवणारा लोखंडी सांगाडा, वेग आणि ब्रेकची नोंद ठेवणारे यंत्र, ठरावीक वयाच्या आतले टायर, शिवाय चालकाकडे त्यांचा वेगळा परवाना. ही गाडी विकत घ्यायची एका घराण्याकडून, बहुतेकदा ती भाड्याने देणारी कंपनी दुसऱ्याची, आणि ती चालवणारा आतल्या भागातील बदू तरुण, ज्याच्या जमातीच्या हद्दीतून हा कच्चा रस्ता जातो. ही शेवटची कडी फार महत्त्वाची आहे. २०११ मध्ये नोकऱ्यांसाठी तरुणांनी केलेल्या आंदोलनानंतर पीडीओने त्या त्या भागातील लोकांच्या भागभांडवलावर सेवाकंपन्या काढायला लावल्या आणि खोदकाम, रिग हलवणे, वाहतूक अशी कामे राखून त्यांना दिली. मस्कतच्या घराण्यांना ते फारसे रुचले नव्हते, हे आम्हाला कामावर जाणवत असे. तेलाचा पैसा मस्कतमार्गे न जाता थेट विहिरीजवळच्या वस्तीत पोहोचण्याचा हा एकमेव गंभीर प्रयत्न मी पाहिला.

आणखी एक गोष्ट. निमर या दक्षिणेकडील तेलक्षेत्रात तेलाबरोबर निघणारे पाणी प्रचंड असते, एका बॅरल तेलामागे कित्येक बॅरल. पूर्वी ते खोल भूगर्भात ढकलावे लागे आणि त्यासाठी मोठे पंप रात्रंदिवस चालत. २०१० च्या सुमारास तिथे बोरूच्या गवताचे विस्तीर्ण वाफे तयार केले. पाणी उतारावरून आपोआप पुढे सरकते, मुळांशी तेल कुजते आणि शेवटी बाष्पीभवनाच्या तळ्यांत मीठ उरते. आजूबाजूला नुसते भुरे वाळवंट आणि मधे डोक्याएवढे हिरवे गवत, त्यात स्थलांतर करणारे पक्षी उतरलेले, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला तेलउद्योग म्हणजे फक्त दलाली असे म्हणवणार नाही. हा प्रकल्प मात्र एका जर्मन कंपनीने केला. स्थानिक घराण्यांपैकी कोणी यात पुढाकार घेतला असता तर मला अधिक आनंद झाला असता.

रत्नागिरीकर

मत्राहच्या बाजाराचे मुंबईशी असलेले नाते थोडे विस्ताराने यायला हवे, कारण त्याशिवाय खिमजी रामदास यांच्यासारखे हिंदू घराणे ओमानमध्ये प्रथम दर्जाचे कसे ठरले ते कळत नाही.

भाटिया व्यापारी मस्कतमध्ये शतकानुशतके होते. खजूर, मोती आणि सुके मासे बाहेर, तांदूळ आणि कापड आत, असा त्यांचा व्यापार, आणि एके काळी जकातवसुलीचा मक्ताही त्यांच्याकडेच असे. सुलतानांना पैशाची नड लागली की कर्ज याच पेढ्यांतून जाई. १९७० पर्यंत तिथे भारतीय रुपयाच चालत होता. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. सुलतान सईद यांचे शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजात झाले आणि त्यांचे वडील तैमूर यांनी गादी सोडल्यावर अखेरचा काळ मुंबईत काढला, तिथेच १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा परिस्थितीत ज्याची एक पेढी मांडवीत, दुसरी मुंबईत आणि तिसरी मस्कतमध्ये, त्याला परका कोण म्हणणार? कनकसी खिमजी यांना सुलतान कबूस यांनी ‘शेख’ ही पदवी दिली. तिथल्या भारतीय शाळांच्या उभारणीत त्यांनी आयुष्यभर लक्ष घातले, आणि २०२१ मध्ये ते वारले तेव्हा मस्कतच्या भारतीय समाजात शोक पसरला होता.

आता आमच्या कोकणाच्या बाजूने. रत्नागिरी आणि रायगडच्या खाडीकाठच्या गावांतील कित्येक घरे आखाताच्या पैशावर बांधली गेली आहेत. या घरांतून गेलेल्या माणसाचा तेलाशी संबंध कधीच आला नाही, त्याचा संबंध आला तो अरबाबाशी म्हणजे मालकाशी, मंदूबाशी म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रे करणाऱ्या माणसाशी आणि बताक्याशी. बताका म्हणजे ओळखपत्र, तो ज्याच्या नावावर तो मालक. नोकरी बदलायची तर जुन्या मालकाची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, लागे आणि ती नसल्यास देश सोडून दोन वर्षे परतता येत नसे. माझ्या नात्यातील एका फोरमनला दुसरीकडे दीडपट पगाराची नोकरी मिळत होती, पण त्याच्या कंपनीने एनओसी नाकारली आणि तो तिथेच जुन्या पगारावर राहिला. १ जानेवारी २०२१ पासून ही अट गेली. घराण्यांच्या ताकदीचा हिशेब करताना एजन्सी कायद्याइतकेच या अटीला महत्त्व द्यावे असे मला वाटते, कारण परदेशी माल जसा एकाच दारातून यायचा तसा परदेशी माणूसही एकाच दाराशी बांधलेला असायचा.

अनघा_मस्कत

फार माहितीपूर्ण चर्चा. मला घराण्यांच्या आतल्या बाजूविषयी विचारायचे आहे. इस्लामी वारसाहक्काने प्रत्येक मुलाला आणि मुलीला ठरलेला हिस्सा मिळतो, मुलीला मुलाच्या निम्मा. मग तिसऱ्या पिढीपर्यंत एवढ्या मोठ्या समूहाचे तुकडे व्हायला नकोत का? आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात वडील वारल्यानंतर सात-आठ वारसांच्या सह्यांसाठी गोदामातला माल अडकून पडल्याचे मी ऐकले आहे.

मत्रावासी

अनघाताई, तुकडे होतात, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण बहवान बंधूंचेच आहे. २००२ मध्ये दोघा भावांनी व्यवसाय वाटून घेतला. टोयोटा सौद यांच्याकडे गेली. सुहैल यांनी आपल्या बाजूला निसानसह दुसरा समूह वाढवला. बाजारात धसका होता की दोन्ही दुबळे होतील, पण त्या वर्षांत तेलाचे भाव चढू लागले होते आणि दोघांनाही पुरेल इतका खर्च सरकार करत होते. माझा अंदाज असा आहे की हीच वाटणी २०१५ नंतर झाली असती तर निभावणे कठीण गेले असते.

इतर घराण्यांनी वर एक होल्डिंग कंपनी ठेवून वारसांना तिच्यात हिस्से दिले आहेत, म्हणजे वाटणी नफ्याची होते, धंद्याची होत नाही. मुलींविषयी तुम्ही लिहिलेत ते महत्त्वाचे आहे. हिस्सा निम्मा असला तरी तो तिच्या स्वतःच्या नावावर असतो, आणि मोहसीन हैदर दर्वीश समूहाच्या लुजैना मोहसीन दर्वीश यांच्यासारख्या स्त्रिया कारभारातही आहेत आणि २००० साली मजलिस अल शूरेवर, म्हणजे देशाच्या सल्लागार सभेवर, निवडूनही आल्या आहेत. आपल्याकडच्या अनेक व्यापारी कुटुंबांत मुलीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची जी रीत आहे, तिच्याशी ताडून पाहावे.

निमर_रोड यांच्या मुद्द्यावर: बरवानी यांच्या जोखमीविषयी दुमत नाही. पण त्यांची अर्धी ताकद पीडीओतून आलेल्या माणसांत आणि पीडीओच्या कंत्राटांतच होती, तेव्हा सरकारी तेलकंपनीला घराण्यांची प्रशिक्षणशाळा म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

सूरचा_वारा

आतापर्यंत सगळे तेलावर बोलले. वायूची गोष्ट वेगळी आहे आणि मला वाटते की घराण्यांच्या दृष्टीने ती अधिक अवघड आहे.

तेल जहाजात भरले की विकले जाते. वायूला आधी ग्राहक शोधावा लागतो, वीस-वीस वर्षांचे करार करावे लागतात आणि मग अब्जावधी डॉलरचा कारखाना उभा करावा लागतो. सूरजवळ कल्हात येथील द्रवरूप वायूचा प्रकल्प असाच उभा राहिला. २००० च्या एप्रिलमध्ये पहिले जहाज कोरियाला गेले. त्यात ५१ टक्के सरकारचे, ३० टक्के शेलचे, बाकी मुख्यतः फ्रेंच, कोरियन आणि जपानी कंपन्यांचे. शेजारीच आपल्या इफ्को आणि कृभको यांनी प्रत्येकी २५ टक्के घालून ओमान सरकारबरोबर खताचा कारखाना काढला, आणि २००५ पासून तिथला युरिया जहाजाने भारतात येऊ लागला. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने उसाला घातलेल्या युरियात कुठे तरी ओमानच्या वायूचा अंश असू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. उलट दिशेने मध्य प्रदेशातील बीना येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात ओमान ऑइल या तिथल्या सरकारी कंपनीचा वाटा होता, तो भारत पेट्रोलियमने २०२१ मध्ये विकत घेतला.

या साऱ्या व्यवहारात मस्कतची घराणी कुठे आहेत? बांधकामाच्या वेळी काँक्रीट, क्रेन आणि कामगारवसाहती पुरवताना दिसतात, नंतर सुरक्षारक्षक आणि उपाहारगृह चालवताना. मालकीत नाहीत. भांडवल एवढे मोठे आणि परतावा एवढ्या उशिरा की खाजगी कुटुंबाला ते झेपणारे नव्हते, आणि सरकारलाही वायू आपल्या हातात ठेवायचा होता. कारण देशाला वीज आणि गोडे पाणी दोन्ही मुख्यतः वायूवरच मिळत असे. उन्हाळ्यात मागणी इतकी वाढत गेली की द्रवरूप वायू निर्यात करणाऱ्या या देशाने डॉल्फिन नावाच्या वायूवाहिनीतून कतारचा वायू विकत घ्यायला सुरुवात केली. २०१७ मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीने खझ्झान क्षेत्रातून दिवसाला शंभर कोटी घनफूट वायू काढायला सुरुवात केली तेव्हा कुठे ही ओढाताण कमी झाली. खडक इतका घट्ट आहे की त्याला फोडून वायू काढावा लागतो.

सोहार बंदरातील अॅल्युमिनियम, पोलाद आणि रसायनांचे कारखाने या स्वस्त वायूच्या वाटपावर चालतात. अमुक कारखान्याला किती वायू आणि कोणत्या दराने, हा निर्णय सरकारी असतो. एजन्सी कायद्याने जे मोटारींच्या बाबतीत घडवले ते इथे वायूच्या वाटपाने घडवले असते, पण लाभ मुख्यतः सरकारी आणि परदेशी कंपन्यांना मिळाला. आणि याच सोहारमध्ये २०११ च्या फेब्रुवारीत चौकात तरुण बसले ते योगायोगाने नव्हे. कारखाने डोळ्यांसमोर उभे होते आणि नोकऱ्या नव्हत्या. त्या आंदोलनानंतर सुलतानांनी पन्नास हजार नोकऱ्यांची घोषणा केली, अनेक मंत्री बदलले, आणि मत्रावासींनी उल्लेख केलेले वाणिज्यमंत्री त्यांतच गेले. तेल आणि वायूच्या पैशाचे वाटप कोणत्या वाटेने होते ते सामान्य ओमानी माणसाला पुरते कळलेले होते, एवढे यावरून दिसते.

जमाखर्च

सूरचा_वारा यांनी २०११ चा विषय काढला म्हणून जोडतो. त्यानंतर सरकारी खरेदीतील १० टक्के लहान उद्योगांसाठी राखण्याचे धोरण आले, २०१४ मध्ये एजन्सी कायद्यात बदल होऊन घराण्यांची मक्तेदारी सैल झाली, आणि त्याच सुमारास तेलक्षेत्रातील कंत्राटांसाठी दिलेल्या लाचेचे खटले मस्कतच्या न्यायालयांत चालून शिक्षाही झाल्या. २०१९ च्या परकीय गुंतवणूक कायद्याने बहुतेक क्षेत्रांत परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी दिली. पूर्वी किमान ३० टक्के ओमानी भागीदार घ्यावाच लागे आणि तो भागीदार बहुधा कोणत्या वर्तुळातला असे ते सांगायला नको. कायद्याने हे सारे झाले असले तरी परदेशी कंपनी आजही आधी जुन्याच दारावर जाते, कारण वीज जोडणी, मंजुऱ्या आणि माणसे मिळवायला ‘वास्ता’, म्हणजे ओळखीचा वशिला, लागतो आणि तो विकत मिळत नाही. तुमचे यावर काय मत आहे?

मत्रावासी

वास्त्याचे म्हणणे खरे आहे, पण त्याची किंमत उतरते आहे असे मला दिसते. २०२० च्या जानेवारीत सुलतान हैथम आले तेव्हा तिजोरी आटलेली होती आणि त्या वर्षाअखेर सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या घरात पोहोचले. त्यांनी सरकारी कंपन्या एका गुंतवणूक प्राधिकरणाखाली आणल्या, २०२१ मध्ये ५ टक्के मूल्यवर्धित कर लावला, आणि वाढलेल्या तेलभावाचा पैसा कर्जफेडीकडे वळवून २०२४ पर्यंत ते प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. घराण्यांच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे: पूर्वी तेल वाढले की खर्च वाढे आणि खर्चाबरोबर त्यांचा नफा वाढे. या वेळी तेल वाढले, पण पैसा त्यांच्या गोदामांच्या वाटेने आला नाही.

दुसरा बदल समभागांचा. २०२३ मध्ये वायूवाहिन्यांच्या सरकारी कंपनीचे ४९ टक्के आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ओक्यू या सरकारी ऊर्जा समूहाच्या तेलउत्खनन कंपनीचे २५ टक्के समभाग मस्कतच्या बाजारात विकले गेले. दुसऱ्या विक्रीतून सुमारे दोन अब्ज डॉलर उभे राहिले, ओमानच्या इतिहासातील ती सर्वांत मोठी. सामान्य ओमानी शिक्षकाला किंवा पोलिसाला तेलविहिरीच्या नफ्यात थेट हिस्सा घेण्याची संधी यातून मिळाली, जी १९६७ पासून कोणालाच मिळाली नव्हती. घराण्यांनाही आता विहिरीत पैसा गुंतवता येतो, पण इतर कोणाही गुंतवणूकदारासारखाच, भाव देऊन.

आणि २०२८ पासून व्यक्तिगत प्राप्तिकर येतो आहे, वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के. आखातातील हा पहिलाच असा कायदा. दर लहान आहे, परंतु ज्या व्यवस्थेत राज्याने काही मागायचे नाही आणि घराण्यांनी काही विचारायचे नाही असा अलिखित करार होता, तिथे श्रीमंत माणसाला विवरणपत्र भरायला लावणे ही मोठीच गोष्ट आहे. कुवेतमध्ये तेलापूर्वी व्यापारी शेखाला जकात आणि कर्ज देत, म्हणून १९३८ मध्ये त्यांनी मजलिस, म्हणजे कारभारात वाटा असलेली सभा, मागण्याचे धाडस केले. तेल आल्यावर शेखाला त्यांच्या पैशाची गरज उरली नाही आणि त्यांनीही धंदा सांभाळून राजकारण सोडले. ओमानमध्ये हे चक्र उलट दिशेला किती फिरेल ते सांगता येत नाही, पण कर देणारा व्यापारी अंदाजपत्रक अधिक बारकाईने वाचू लागतो.

निमर_रोड, तुमच्याकडून एक माहिती हवी आहे. त्या स्थानिक भागभांडवलाच्या कंपन्यांचे समभाग अजून मूळ गावकऱ्यांकडेच आहेत, की ते हळूहळू मस्कतमध्ये विकले जात आहेत? या कंपन्या गावकऱ्यांच्या राहिल्या असतील तर माझ्या पहिल्या पोस्टमधील मांडणीला तेलक्षेत्रापुरता तरी अपवाद करावा लागेल.

निमर_रोड

मी तिथे असेपर्यंत तरी गावकऱ्यांकडेच होते. हैमाच्या बाजूचा आमचा एक चालक वर्षाच्या लाभांशातून उंटांचा चारा आणि मुलीच्या महाविद्यालयाची फी भरत असे, आणि समभाग विकण्याविषयी कोणी विचारले तर आपल्या वडिलांच्या चराऊ जमिनीवर रिग उभा आहे, तो कागद आपण का द्यावा, असे विचारी. व्यवस्थापक मात्र बहुतेक ठिकाणी मस्कतहून आलेले असत आणि मोठी यंत्रसामग्री भाड्यानेच घ्यावी लागे, तीही त्याच जुन्या घराण्यांकडून.